आफ्रिकेतल्या तरुणांना राखीव खुर्ची देऊन काय साधलं? (केनियाच्या निमित्ताने)

नैरोबीकर

बारा वर्षं नैरोबीत आहे, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात नोकरी करतो. जून २०२४ मधली एक दुपार डोक्यातून जात नाही. पॅकिंगमधला तेवीस वर्षांचा मुलगा चपाती-मादोंदोचं ताट (मादोंदो म्हणजे आपल्या राजम्यासारख्या घेवड्याची उसळ) बाजूला सारून मोबाइलवर त्या वर्षीचं वित्त विधेयक वाचत बसला होता. मला त्याने बोटाने एक ओळ दाखवली. मोबाइलवरून पैसे पाठवायचं जे शुल्क लागतं, त्यावरचा अबकारी कर १५ वरून २० टक्के करायचा प्रस्ताव होता. हा दर शनिवारी काकामेगाला आईला एम-पेसा करतो, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवतो. बारावीच्या पुढे शिकलेला नाही, पण ते विधेयक त्याने कलमवार वाचलं होतं. खासदारांचे फोन नंबर पोरांनी एकमेकांना वाटले होते आणि सगळे त्यांना मेसेज करत होते. त्याला ती 'सालिमिया' म्हणत, म्हणजे नमस्कार-चमत्कार.

कागदावर या मुलासाठी काय नाही? आफ्रिकन युवा सनद २००६ साली गांबियातल्या बांजुलला मंजूर झाली, २००९ पासून लागू आहे. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत कलम ५५ खास युवकांसाठी आहे. राष्ट्रीय युवा परिषद आहे, सेनेटमध्ये तरुणांसाठी दोन नामनिर्देशित जागा आहेत. यांतल्या कशानेही ते विधेयक अडलं नाही. २५ जूनला संसदेत १९५ विरुद्ध १०६ मतांनी ते मंजूर झालं. त्याच दिवशी तरुण संसदेत घुसले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मानवी हक्क आयोगाच्या १ जुलैपर्यंतच्या नोंदीत ३९ मृत्यू आहेत. २६ जूनला अध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की युवा धोरणाच्या नावाखाली दिलेल्या राखीव खुर्च्या तरुणांना गप्प बसवण्यासाठी असतात. त्या नसत्या तरी काही बिघडलं नसतं.

कंपाला_रिटर्न

पूर्ण सहमत. युगांडात मी सहा वर्षं काढली. तिथे संसदेत युवकांचे पाच खासदार असतात आणि त्यांना सामान्य तरुण मतदार निवडत नाहीत, युवा परिषदांमधून आलेलं निवडक मंडळ निवडतं. ते मंडळ हाताशी ठेवणं सत्ताधारी पक्षाला किती सोपं जात असेल याचा विचार करा. मुसेवेनी १९८६ पासून अध्यक्ष आहेत, २०१७ च्या डिसेंबरमध्ये अध्यक्षपदाची ७५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली गेली. गायक बॉबी वाईन त्याच वर्षी ३५ व्या वर्षी संसदेत गेला, तो राखीव जागेवरून नव्हे, क्याडोंडो पूर्वच्या पोटनिवडणुकीत लोकांची मतं घेऊन.

मीनल_सातारा

दोघांशीही ठाम असहमत. नैरोबीकर, तुम्ही गोष्ट २६ जूनला थांबवलीत. पुढे काय झालं तेही सांगा ना. ११ जुलैला जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ बरखास्त झालं, आणि दोन आठवड्यांच्या आत काढलेल्यांपैकी अनेकांची नावं पुन्हा यादीत आली, वर विरोधी पक्षातले चार. डिसेंबरमध्ये रद्द झालेल्या विधेयकातल्या काही तरतुदी दुसऱ्या कायद्यांतून परत आल्या. २५ जून २०२५ ला तरुण पुन्हा रस्त्यावर आले आणि पुन्हा माणसं मेली. दरवर्षी पोरांनी मरायचं आणि खुर्चीवर तीच माणसं राहायची, याला तुम्ही सहभाग म्हणता?

मादागास्कर बघा. सप्टेंबर २०२५ ला तरुण बाहेर पडले ते पाणी आणि वीज नाही म्हणून. ऑक्टोबरमध्ये सत्ता गेली एका कर्नलच्या हातात. आणि पळून गेलेले अध्यक्ष राजोएलिना २००९ मध्ये स्वतः ३४ वर्षांचे असताना रस्त्यावरच्या आंदोलनातून, सैन्याच्या पाठिंब्यावर आले होते! रस्ता सरकार पाडतो. नंतर कारभार चालवायला आत बसलेली माणसं लागतात, आणि ती खुर्चीवर बसूनच तयार होतात. आमच्या गावात पहिल्या महिला सरपंचाच्या वेळी सभेत तिचा नवराच बोलायचा. तिसऱ्या बाईंनी पाणीपुरवठ्याचा हिशोब ग्रामसेवकाकडून उभ्याउभ्या मागून घेतला. मी तिथे होते.

नैरोबीकर

मीनलताई, मंत्रिमंडळाचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी टाळला होता. पण तुमच्या सरपंचबाईंना गावाने मतं देऊन निवडलं होतं. इथल्या सेनेटमधल्या दोघांची नावं पक्षाच्या यादीतून येतात. उद्या मतदानाच्या वेळी ते पक्षाकडे बघणार की पॅकिंगमधल्या त्या मुलाकडे?

मीनल_सातारा

मग मागणी निवडीची पद्धत बदलायची करा. खुर्चीच नको कशाला?

लागोसला_होतो

नायजेरियाचं उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे म्हणून देतो. तिथे तरुणांनी राखीव जागा मागितल्याच नाहीत, वयाची अट कमी करा म्हणाले. मोहीम चालवली, ३१ मे २०१८ ला कायदा झाला. अध्यक्षपदासाठी ४० ऐवजी ३५, प्रतिनिधिगृहासाठी ३० ऐवजी २५. सेनेट आणि राज्यपाल मात्र ३५ वरच राहिले. मग २०२२ ला सत्ताधारी पक्षाने अध्यक्षपदाच्या उमेदवारी अर्जाची किंमत लावली १० कोटी नायरा, प्रतिनिधिगृहासाठी १ कोटी. वयाचं दार उघडलं आणि त्याच्या आत पैशाचं दार बंद. पक्षांच्या तिजोरीला हात न घालणारं कुठलंही युवा धोरण मला अर्धवट वाटतं.

कोर्टाची_पायरी

वकिलीच्या बाजूने एक गोष्ट, कारण सगळ्यात महत्त्वाचं इथे घडलं असं मला वाटतं. केनियाच्या घटनेत कायदे करताना लोकसहभाग बंधनकारक आहे, नुसती इच्छा म्हणून लिहिलेला नाही. ३१ जुलै २०२४ ला अपील न्यायालयाने २०२३ चा वित्त कायदा घटनाबाह्य ठरवला. एक कारण असं की लोकांच्या हरकती का स्वीकारल्या किंवा का फेटाळल्या, हे संसदेने सांगितलंच नाही. २९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारणं देण्याचं तसं स्पष्ट बंधन नाही म्हणून. म्हणजे हरकत घ्यायचा हक्क आहे, तिला उत्तर मिळायचा हक्क नाही. खुर्ची की रस्ता यावर भांडण्यापेक्षा हे एक वाक्य कायद्यात घालायची मागणी करा. संसदेने प्रत्येक गटातल्या हरकतीला लेखी कारण द्यावं.

नैरोबीकर

हे मनापासून पटलं. मला नेमकं जे बोचत होतं ते हेच. विधेयक वाचलेल्या माणसाला कोणी उत्तर द्यायला बांधील नाही. 'खुर्च्या नसत्या तरी बिघडलं नसतं' हे माझं वाक्य मी मागे घेतो. पक्षाच्या यादीतून नेमलेल्या खुर्च्यांना विरोध कायम.

मीनल_सातारा

आणि मत? २०२२ ला ३५ च्या आतले मतदार नोंदणीकृत मतदारांत सुमारे ४० टक्के होते, आणि त्यांची संख्या २०१७ पेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घटली होती. लेखी कारण मागणारा कायदा करायलाही खासदारच लागतात. सेनेगलमध्ये २०११ ला अध्यक्ष अब्दुलाय वाद यांच्या तिसऱ्या कारकिर्दीविरुद्ध उठलेल्या तरुणांनी घरोघर मतदार नोंदणीची मोहीम चालवली, आणि मार्च २०१२ मध्ये ते अध्यक्ष मतपेटीतूनच गेले. तुमच्या त्या मुलाचं नाव यादीत आहे का?

नैरोबीकर

आज डब्याच्या वेळी विचारलं. नाही. २०२२ ला एकवीसचा होता, तेव्हाही नव्हतं. 'सगळे सारखेच, कोणाला द्यायचं?' म्हणाला. मी त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, जमेल तसं स्वाहिलीत सांगून. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, २०२७ च्या ऑगस्टला निवडणूक आहे, येत्या सुट्टीला नोंदणी केंद्रावर जाऊ या. मी इथला मतदार नाही, रांगेत नुसता सोबत उभा राहीन.