कॉल लावला की पडदा काळा, फोन टेबलावर असला तरी उजळत नाही

काटेवाला_चोपडा · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर असतो. दिवाळीपासून कापसाची आवक जोरात आहे. दिवसाला ऐंशी-नव्वद फोन येतात-जातात आणि नेमका आत्ताच फोनने त्रास द्यायला सुरुवात केलीय.

फोन लावला की पहिली रिंग जायच्या आत पडदा काळा होतो. कानाला लावल्यावर तो व्हायलाच हवा, ते मला माहीत आहे. पण फोन टेबलावर उताणा ठेवलेला असला तरी तो काळा होतो आणि समोरच्याने फोन ठेवेपर्यंत उजळत नाही. पॉवरचं बटण दाबलं तर क्षणभर चमकतो, परत अंधार. स्पीकर लावता येत नाही, आकडा दाबता येत नाही, कॉल कट करता येत नाही. परवा बँकेच्या कस्टमर केअरला तीनदा फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणतात, पण दाबू कुठे?

आई शिरपूरला असते. तिला फोन ठेवायचा तो लाल गोल सापडत नाही, म्हणून बोलणं झालं की फोन नेहमी मीच ठेवतो. गुरुवारी बोललो, फोन टेबलावर ठेवला आणि ट्रॅक्टरची रांग बघायला गेलो. परत आलो तर कॉल चालूच, ५२ मिनिटं झालेली. तिकडून तिचा आवाज येत होता, "आरे, तुना फोन बंद कर ना." त्या रात्री तिच्याकडे लाइट नव्हती. फोन उतरला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा पत्ता नाही. बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, ते सांगायला तिला शेजारच्या घरी जावं लागलं. हे मला लागलं.

करून पाहिलेलं सगळं सांगतो. फोन बंद-चालू केला. टेम्पर्ड ग्लास काढली, एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुन्हा तेच. मऊ कापडाने वरचा भाग पुसला. कॉल रेकॉर्डिंगचं ॲप काढून टाकलं. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही. मागच्या वर्षी काच फुटली म्हणून डिस्प्ले बदलला होता, एवढंच.

एका दुकानात दाखवला. न उघडताच सांगितलं, गाल जवळ आला की पडदा विझवणारा सेन्सर गेला, डिस्प्लेसकट बदलावा लागेल, २८०० रुपये. खरंच गेला असेल तर पैसे घालीन. पण न उघडता हे कसं कळलं? आधी खात्री करायची आहे.

सातपुडा_पायथा · रविवार, रात्री ९:४०

भाऊ, दुरुस्ती होईपर्यंत वायरचा साधा इअरफोन खिशात ठेवा. पडदा काळा झाला की तो खोचा. आवाज इअरफोनकडे वळला की फोनला पडदा बंद ठेवायचं कारण उरत नाही, पडदा उजळतो. माझ्या फोनला हाच त्रास होता, चार महिने मी असेच काढले.

दुसरं, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. पॉवर बटणाने कॉल बंद करायची सोय तिथे असते, ती चालू करा. निदान आईंचा फोन तरी रात्रभर चालू राहणार नाही.

पांझरेकाठची · रविवार, रात्री १०:१५

दादा, सेन्सर गेला की नाही हे घरी बसून बघता येतं. फोन सॅमसंग असेल तर डायलरवर *#०*# टाका आणि सेन्सर उघडा. सेन्सरवर हात धरला की पडदा हिरवा होतो आणि फोन थरथरतो. रेडमी असेल तर *#*#६४८४#*#* टाका, तपासणीची यादी उघडते, त्यात प्रॉक्सिमिटी शोधा, हेच त्या सेन्सरचं नाव. बाकीच्या फोनांसाठी सेन्सर दाखवणारं एखादं ॲप घ्या. बहुतेक फोनांत दोनच आकडे दिसतात, समोर काही नसलं तर ५ आणि हात जवळ आणला की ०.

हे सावलीत करा. हा सेन्सर बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर चालतो. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, सेन्सर गोंधळू शकतो. धुळ्यात माझ्या भावाने गच्चीवर उभं राहून तपासलं आणि नसती भीती घेऊन बसला.

एकदा सेफ मोडमध्येही कॉल लावून बघा, त्यात आपण टाकलेली ॲप बंद असतात. तिथे नीट चालला तर दोष एखाद्या ॲपचा. नाही चालला तर मग फोनच उघडावा लागेल.

काटेवाला_चोपडा · सोमवार, सकाळी ७:२०

ताई, सेफ मोडमध्येही तेच. मग रात्री खोलीतला दिवा बारीक करून ॲपवर आकडा बघत बसलो. समोर काही नाही, तरी ०. पण बोटाने वरच्या कडेला टिचकी मारली की मध्येच ५ येतो, दोन-तीन सेकंद राहतो, परत ०. असं सात-आठ वेळा झालं. याचा अर्थ काय लावायचा?

रिपेअर_भुसावळ · सोमवार, दुपारी २:०५

भाऊ, त्या टिचकीतच तुमचं उत्तर आहे. मेलेला सेन्सर सहसा एकच आकडा धरून बसतो, टिचकीला दाद देत नाही. तुमचा ५ दाखवतो म्हणजे तो जिवंत आहे आणि त्याच्यासमोर काहीतरी हलतंय. २८०० देऊ नका.

हा सेन्सर म्हणजे शेजारी-शेजारी बसवलेला एक दिवा आणि एक डोळा. दिवा इन्फ्रारेड टाकतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसाच, आपल्याला तो दिसत नाही. गाल जवळ आला की उजेड गालावर आपटून डोळ्यात परत येतो आणि फोन पडदा विझवतो. पल्ला पाचेक सेंटिमीटरचा. पांढरी वस्तू उजेड जास्त परतवते, काळी कमी. काही फोनांत दाट काळ्या केसांसमोर पडदा विझतच नाही, त्याचं कारण हेच.

आता तुम्ही बसता कुठे? जिनिंगमध्ये. बऱ्याच फोनांत सेन्सर वरच्या कडेला, काच आणि फ्रेम यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीमागे असतो, कानाच्या जाळीला लागून. हवेत उडणारे रुईचे तंतू त्या फटीत शिरतात. आत पांढरा पापुद्रा धरला की दिव्याचा उजेड बाहेर जायच्या आधीच त्यावर आपटून डोळ्यात येतो. फोनला वाटतं, गाल लागलाय. बाहेरून कितीही पुसा, घाण आत आहे. टिचकीने तंतू क्षणभर सरकतात, म्हणून ५ येतो. टेम्पर्ड ग्लास ओढून काढताना फटीच्या तोंडावरची धूळ तिच्यासोबत निघाली असणार, म्हणून एक दिवस बरं गेलं.

दुसरा संशय डिस्प्ले बदलण्यावर. दिवा आणि डोळा यांच्यावर रबराची इवलीशी टोपी असते, दोन भोकांची. दिव्याचा उजेड आतल्या आत डोळ्यात जाऊ नये म्हणून ती असते. डिस्प्ले काढताना ती जुन्या काचेला चिकटून जाते आणि कचऱ्यात पडते, किंवा घाईत तिरकी बसते. माझ्याकडे असे फोन महिन्याला पाच-सहा येतात. टोपी तिरकी असली तरी स्वच्छ फोन कसाबसा चालतो. जरा धूळ साचली की बसतो.

आधी घरी एवढं करा. दात घासायचा नवा, मऊ ब्रश घ्या, कोरडा. फोन पालथा धरा, म्हणजे निघालेलं खाली पडेल, आणि फटीवरून आडवा ब्रश फिरवा. टाचणी घालू नका, जाळी फाटते. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. आणि जिनिंगमध्ये हवेची नळी असते ती तर लावूच नका. तो दाब फोनसाठी नाही, तंतू आणखी आत जातील आणि स्पीकरचा पडदाही जाईल.

त्याने भागलं नाही तर चांगल्या कारागिराकडे जा आणि सांगा, मागचं झाकण उघडून सेन्सरची टोपी बघा, साफ करा, नीट बसवा. डिस्प्ले बदला म्हणू नका. साफ झाल्यावर तपासणीच्या यादीत कॅलिब्रेटची, म्हणजे मोकळी जागा कशी दिसते ते सेन्सरला नव्याने शिकवायची सोय असली तर तेव्हाच करा, समोर काही नसताना. घाण असताना कॅलिब्रेट केलं तर फोन घाणीलाच मोकळी जागा समजतो.

पांझरेकाठची · सोमवार, दुपारी ३:३०

एक भर घालते. काही फोनांत हा इन्फ्रारेडचा जोड नसतोच. कानाच्या स्पीकरमधून ऐकू न येणारा आवाज सोडतात, माइकने त्याचा पडसाद पकडतात आणि त्यावरून अंतर ओळखतात. त्या फोनात टोपी शोधून उपयोग नाही, तिथे जाळी आणि वरच्या माइकचं भोक साफ असणं महत्त्वाचं. ओळखायचं असेल तर अंधारात कॉल लावा आणि दुसऱ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून कानाच्या जाळीजवळ बघा. जांभळट ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड आहे. ठिपका नाही दिसला म्हणून नाहीच असं मात्र समजू नका, कॅमेऱ्याची काचही तो अडवते.

काटेवाला_चोपडा · बुधवार, रात्री ८:४५

मंडळी, फोन दुरुस्त झाला.

ठिपका दिसला, जांभळा, स्पष्ट. ब्रश फिरवला तर पांढऱ्या कागदावर भुरकट पूड पडली, आणि आकडा अर्धा तास ५ वर राहिला. मग परत ०. म्हणून आज दुपारी काटा दुसऱ्याच्या हाती देऊन गावातल्या वेगळ्या दुकानात गेलो आणि भुसावळच्या दादांनी लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. पोरगा विशीतला असेल, पण त्याने शांतपणे ऐकलं. मला समोर बसवूनच फोन उघडला.

टोपी होती, पण एका बाजूला कलंडलेली. तिच्या एका भोकावर आणि आसपास रुईचा पापुद्रा बसलेला, नखावर मावेल एवढा, दाबून-दाबून कागदासारखा झालेला. चिमट्याने धरून ओढला तर एका तुकड्यात निघाला. पांढरा नव्हता, सरकीच्या धुळीने पिवळट पडलेला. त्याने माझ्या तळहातावर ठेवला. रोज पोत्यांनी रुई बघतो मी, पण एवढीशी रुई इतका त्रास देईल असं वाटलं नव्हतं.

टोपी सरळ बसवली, कॅलिब्रेट केलं, झाकण परत लावलं. वीस मिनिटं लागली, १५० रुपये घेतले. दुकानातूनच आईला फोन लावला. बोलणं झालं, कानापासून काढला, पडदा उजळला, मीच फोन ठेवला.

आता एकच विचारायचं आहे. हंगाम अजून बाकी आहे, रुई तर उडतच राहणार. त्या फटीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर चालेल का?

रिपेअर_भुसावळ · बुधवार, रात्री ९:३०

नको. पट्टीचा डिंक उन्हाने पांढरट होतो, त्यावर धूळ बसते आणि सेन्सरसमोर पुन्हा तोच पडदा तयार होतो. आवाजही दबतो. काट्यावर असताना फोन झाकणाच्या पाऊचमध्ये ठेवा, शर्टाच्या उघड्या खिशात नको. रात्री घरी गेल्यावर तोच कोरडा ब्रश दोनदा फिरवा, फोन पालथा धरून. महिन्यातून एकदा ॲपवर आकडा बघा. समोर काही नसताना ० दिसला तर तसाच माझ्याकडे आणा, आधी कुठे उघडू देऊ नका.