कंपनीच्या ‘महत्त्वाच्या मुद्द्यां’च्या यादीत ऊसतोड बाई का येत नाही?

नीराकाठ
शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नमुन्यात बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल द्यावाच लागतो. त्यात सुरुवातीलाच विचारलंय: पर्यावरण आणि समाजाशी निगडित तुमचे कळीचे मुद्दे कोणते, ते जोखीम आहेत की संधी, त्यावर काय करणार, पैशावर परिणाम काय?

हे मुद्दे ठरतात कसे? सल्लागार वीस-तीस विषयांची यादी आणतो. ऑनलाइन प्रश्नावली गुंतवणूकदार, कर्मचारी, मोठे पुरवठादार, ग्राहक यांना जाते. मग एक आलेख: आडव्या रेषेवर कंपनीला काय महत्त्वाचं, उभ्या रेषेवर हितसंबंधींना काय महत्त्वाचं. उजव्या वरच्या कोपऱ्यात जे बसलं ते कळीचं.

आता साखर घ्या. बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली जात असल्याचं २०१९ मध्ये गाजलं, राज्य सरकारने समिती नेमली. ८२,३०९ जणींची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शीतपेयं, बिस्किटं, चॉकलेटं बनवणाऱ्यांकडे जाणारी साखर याच हातांनी तोडलेल्या उसाची असते. ती बाई प्रश्नावलीच्या यादीत नाही, म्हणून तिचा मुद्दा आलेखावर नाही. माझ्या मते ही पद्धतच मुळात चुकीची आहे.

अहवालकार
मी हेच काम करतो, म्हणून विरोधात लिहितो. प्राधान्य ठरवणं म्हणजे बाकीचं नाकारणं नव्हे. चाळीस मुद्दे ‘महत्त्वाचे’ म्हटले की संचालक मंडळ एकाकडेही धड बघत नाही. पाणी, वीज, कारखान्यातली सुरक्षितता यांवर कंपनीचा थेट हात चालतो. तिथे उद्दिष्ट ठेवता येतं, मोजता येतं.

बिस्किटवाली कंपनी साखर व्यापाऱ्याकडून घेते, व्यापारी कारखान्याकडून, कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा करार मुकादमाशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराशी, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजुराला. चार पायऱ्या खालच्या बाईची जबाबदारी कंपनीवर टाकून सरकारला मोकळं सोडू नका. मजुरांची नोंदणी, ओळखपत्रं, नको असलेल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दवाखान्यांवर कारवाई हे सगळं सरकारचं काम आहे.

पाटोदेकर
माझे आईवडील एक कोयता होते. बाहेरच्यांसाठी: नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर मिळून. एक दिवस फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, गेलं नाही तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळी असो, अंगावरून जात असो, खाडा परवडत नाही. कोप्यांजवळ, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांजवळ, संडास नाही, न्हाणीघर नाही. अशा बाईला डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आणि ती काढते, कारण पुढचा हंगाम चुकवता येत नाही.

अहवालकार, चार पायऱ्या खालचं दिसत नाही हे मान्य नाही. कोणत्या फडात किती कोयते आहेत हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीची नोंद ठेवणाऱ्या माणसाला, रोज ठाऊक असतं. गाडी काट्यावर गेली की टनांची पावती निघते. उसाची नोंद आहे, माणसांची नाही. खरेदीदाराने मागितली तर महिन्याभरात तयार होईल.

सातारी_गुंतवणूक
मी पैसे लावणाऱ्याच्या बाजूने बोलतो. मला अहवालातून कंपनीच्या कमाईवर काय परिणाम होणार ते हवं. २०२३ मध्ये आयएसएसबीने (शाश्वततेच्या अहवालांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने) जी मानकं काढली तीही गुंतवणूकदारासाठीच आहेत. उदाहरण बघा: २०२३ ला पाऊस कमी झाला, साखरेच्या निर्यातीवर बंधनं होतीच, डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही आली. पाण्यातून सुरू झालेली जोखीम थेट नफ्यात उतरली. असा मुद्दा वर हवाच. नैतिक प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते याच तक्त्यात कोंबले तर दोन कंपन्यांची तुलनाच होणार नाही.

नीराकाठ
@सातारी, मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या याच ऊसतोड बायकांवर लिहिलं आणि दोन मोठ्या शीतपेय कंपन्यांची नावं घेतली. पाच वर्षं जो ‘नैतिक’ होता तो एका सकाळी धंद्याचा प्रश्न झाला. पैशाच्या चाळणीतून हा मुद्दा दिसतो तेव्हा बाईचं गर्भाशय आधीच गेलेलं असतं.

@अहवालकार, जीआरआय या अशा अहवालांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं २०२१ चं मानक तुम्ही वापरत असाल. त्यात कंपनीमुळे माणसांवर आणि निसर्गावर काय परिणाम होतो यावरून प्राधान्य ठरवायला सांगितलंय. इजा किती गंभीर, किती जणांना, भरून निघणारी आहे का, हे तपासायचं. आणि मानवी हक्कांच्या बाबतीत शक्यतेपेक्षा गांभीर्य आधी. काढलेलं गर्भाशय परत बसत नाही. मग हा मुद्दा मतदानावर कसा सोडता?

अहवालकार
गांभीर्याचा निकष मला मान्य आहे, आणि नुसत्या प्रश्नावलीवर विसंबणारे अहवाल कच्चे असतात हेही. पण पुढचं बघा. मुद्दा वर गेला की कंपनी कारखान्यात तपासनीस पाठवते. कागद चोख होतात, कोप्या तशाच राहतात. फारच बोभाटा झाला तर खरेदीदार दुसऱ्या राज्यातली साखर घेतो. नुकसान पुन्हा मजुराचंच. ज्यावर आपला दाब चालत नाही ते ‘कळीचं’ म्हणून छापणं ही मला फसवणूक वाटते.

पाटोदेकर
दाब चालत नाही? साखरेच्या टेंडरमध्ये ओलावा आणि रंग किती हवा हे तुम्ही लिहिता आणि कारखाना पाळतो. तिथेच लिहा: कोप्यांजवळ पाणी आणि संडास, नवरा-बायकोची मजुरी वेगवेगळ्या खात्यात, आजारपणाला खाडा नाही.

सातारी_गुंतवणूक
खर्च कोण उचलणार? कारखाने एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसाचा ठरलेला किमान दर, देतानाच दमतात.

पाटोदेकर
ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे असं ठरलेलंच आहे. खरेदीदाराने किलोमागे काही पैसे जास्त मोजले तर बिस्किटाचा पुडा महाग होणार नाही.

नीराकाठ
आणि वाट तर आणखी अरुंद होते आहे. २०२५ मध्ये सेबीने पुरवठा साखळीची माहिती तूर्त ऐच्छिक केली, तीही खरेदीत २ टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या पुरवठादारांपुरती. दहा कारखान्यांकडून थोडी थोडी साखर घेतली की एकही त्यात येणार नाही. @अहवालकार, पुढच्या प्रश्नावलीआधी तुमचा माणूस डिसेंबरात फडावर पाठवाल का? सोबत एक एएनएम (आरोग्य केंद्रातली नर्स) ताई असू द्या, बायका पुरुष अधिकाऱ्याशी बोलणार नाहीत.

अहवालकार
प्रस्ताव मांडेन. मंजूर होईल असं आज म्हणत नाही. आणि आलेखावर मुद्दा कुठे बसवायचा याबद्दलचं माझं मत अजून तेच आहे.