घटस्फोटाच्या निकालानंतर दुसरं लग्न नक्की कधी? कोकणातल्यांसाठी अनुभव धागा

"निकाल फेब्रुवारीत लागला, मे महिन्यात उरकून टाकू." स्थळं बघताना हे वाक्य फार ऐकू येतं, म्हणून धागा. या कामातल्या लोकांनी लिहा. कर्मकहाण्या नकोत, तारखा आणि कागद सांगा. मुख्यतः हिंदू विवाह कायद्याबद्दल बोलू.

चिपळूण, वकिली
आधी एक विचारा: निकाल संमतीचा की भांडून मिळालेला? सगळं गणित तिथेच फुटतं.

संमतीचा असेल तर कलम १३ब. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. मग सहा महिने थांबायचं, आणि ते अर्ज दाखल झाल्या तारखेपासून मोजायचे. लोक न्यायालयात दोघांनी दिलेल्या पहिल्या जबाबापासून मोजतात आणि फुकट महिना-दोन महिने घालवतात. १८ महिन्यांच्या आत दुसरा जबाब द्यायचा. वेगळं राहून दीड वर्ष आधीच झालं असेल आणि पोटगी, मुलांचा ताबा, दागिने सगळं मिटलं असेल, तर सहा महिने माफ करण्याचा अर्ज देता येतो (सर्वोच्च न्यायालय, २०१७). माफी द्यायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात, हक्काने मागता येत नाही.

अडतं कुठे? डिमांड ड्राफ्टमध्ये. पोटगीचा ड्राफ्ट उत्साहाने आधीच काढतात, त्याची मुदत तीन महिने. तारीख पुढे जाते, ड्राफ्ट शिळा होतो, समोरची बाजू सही करत नाही. शेवटच्या तारखेच्या आठवड्यातच काढा. आणि हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा औपचारिक आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे विसरू नका.

संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे पुढे थांबावं लागत नाही.

रत्नागिरी
भांडून मिळालेल्या निकालाचं मी लिहितो. कलम १५: अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील फेटाळलं जाईपर्यंत, लग्न नाही. मुदत ९० दिवस. पण त्यात हुकूमनाम्याची नक्कल (न्यायालयाची शिक्क्याची प्रत) मिळायला लागलेले दिवस धरत नाहीत, ही मेख बहुतेकांना माहीत नसते.

उदाहरण घ्या. हुकूमनामा १० फेब्रुवारी २०२६. नव्वदावा दिवस ११ मे. समोरच्याने नकलेचा अर्ज केला आणि नक्कल मिळायला १२ दिवस गेले, तर मुदत २३ मेपर्यंत सरकली. त्या वेळी दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी! मुदत सुट्टीत संपली तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येतं. म्हणजे थेट जून. मे महिन्याचा मुहूर्त गेला.

त्यातही उशीर माफ करून घेण्याची वाट असतेच. म्हणून निव्वळ कॅलेंडरवर भरवसा नको, ई-कोर्ट्सवर (न्यायालयांचं सरकारी संकेतस्थळ) समोरच्याच्या नावाने शोध घ्या. कुठे, तेही महत्त्वाचं. निकाल वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचा असेल तर अपील जिल्हा न्यायालयात. वांद्र्यासारख्या कौटुंबिक न्यायालयाचा असेल तर उच्च न्यायालयात. रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयाची कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंचकडे (मुंबई उच्च न्यायालयाचं तिथलं खंडपीठ) आहेत, रायगडची मुंबईतच.

अलिबाग
मग साखरपुडा? हॉल तर आधी धरावा लागतो.

रत्नागिरी
साखरपुड्याला कायद्याची आडकाठी नाही. हॉलवाल्याला तारीख बदलता येईल का, हे मात्र आधी विचारून ठेवा.

खेड
एकतर्फी निकालाला (समोरचा हजर नसताना लागलेल्या) सगळ्यात जास्त जपा. नवरा मुंबईत, समन्स गावच्या पत्त्यावर, आणि बेलीफाचा (समन्स पोचवणारा न्यायालयाचा कर्मचारी) शेरा "घर बंद". गणपती सोडले तर ते घर उघडतच नाही! पुढे समोरचा येऊन म्हणतो, मला समन्स मिळालंच नाही. निकाल रद्द करून मागायची मुदत ३० दिवस. पण समन्स नीट बजावलं नसेल तर ते ३० दिवस त्याला निकाल कळल्यापासून मोजतात. म्हणजे दोन वर्षांनीही उठू शकतो. म्हणून दाव्यात गावचा आणि मुंबईचा, दोन्ही पत्ते घाला आणि बजावणीचा अहवाल स्वतः वाचा.

ग्रामपंचायतीचं काम बघणारा, गुहागर तालुका
विवाह नोंदणीला येताना हुकूमनाम्याची शिक्क्याची नक्कल आणा. मोबाईलवर उतरवलेला निकाल चालत नाही. नावं आधारशी ताडून बघा: "दीपाली"ची "दिपाली" झाली की खेटे सुरू. टंकनदोष असेल तर त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज द्या.

आणि हो, पाचशेच्या स्टॅम्पवर वाडीतल्या पाच जणांच्या सह्या घेतलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. जातीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. नाही झाली तर दुसरं लग्न रद्दबातल, वर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. नोटरीचा शिक्का बघून लोक फसतात.

विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करणार असाल तर नोटीस ३० दिवस लागते आणि तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. फार आधी नोटीस दिलीत तर पुन्हा पहिल्यापासून.

सावंतवाडी
पहिल्या लग्नाची नोंद गोव्यातली असेल तर वरचं गणित जसंच्या तसं लावू नका. तिथला कुटुंब कायदा वेगळा आहे. पेडणे किंवा म्हापशाच्या वकिलाला गाठा, आणि जाताना तिथल्या नोंदणीचा मूळ दाखला न्या, झेरॉक्स नको.