कथापरंपरेच्या दालनात फ्लेक्स सोडून काय ठेवावं?

मंडपवाला, खानापूर:
नमस्कार मंडळी. आमचा धंदा मांडवाचा. लग्नं, जत्रा, गणपतीचे देखावे. आता एका कॉलेजच्या प्रदर्शनात ‘भारताची कथापरंपरा’ असं दालन उभं करायचं काम आलंय. जागा 40 बाय 30 फूट. त्यांची यादी म्हणजे वेदांपासून वेबसिरीजपर्यंत 22 फ्लेक्स आणि चार टीव्ही. मुंबईत मे 2025 मध्ये वेव्हज या मनोरंजन-माध्यमांच्या परिषदेत भारत पॅव्हेलियन नावाचं दालन झालं, श्रुती, कृती, दृष्टी असे भाग पाडलेलं, तसंच पाहिजे म्हणतात. तेवढं बजेट कुठलं? खरं 22 फ्लेक्स वाचणार कोण हो? आणि चार टीव्ही एकदम बोलायला लागले की जत्राच.

निपाणीकर:
टीव्ही एकच ठेवा, नाहीतर हेडफोन द्या. पाट्या कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्हीत कराव्या लागणार, तेव्हा मजकूर आधीच वीस शब्दांत आटपा.

लाइटवाला, शहापूर (बेळगाव):
मी नाटकांना प्रकाश देतो, म्हणजे माझं तुणतुणं तेच वाजणार. राजस्थानात पाबूजी या लोकदेवाची फड असते. लांबलचक कापड, त्यावर अख्खी गोष्ट दाटीवाटीनं चितारलेली. भोपा, म्हणजे गाणारा पुजारी, रात्री रावणहत्ता हे तंतुवाद्य वाजवत गातो आणि गाणं ज्या प्रसंगावर आलंय तिथंच भोपी, म्हणजे त्याची बायको, दिवा धरते. बाकी कापड अंधारात. पिंगुळीच्या चित्रकथीत पोथीतलं एकच चित्र पुढं असतं, त्याची कथा संपल्यावर दुसरं. राजस्थानी कावड म्हणजे चितारलेली लाकडी पेटी, तिला तर दारंच. एक उघडलं की पुढचा प्रसंग. पुढचं झाकून ठेवायची सोय सगळ्यांनीच केलीय बघा. तुमचे फ्लेक्स पहिल्या मिनिटालाच सगळं सांगून मोकळे होतात.

तेव्हा फ्लेक्स रद्द करा. आत काळं कापड, दारात एक वळण, म्हणजे बाहेरचा उजेड शिरत नाही. लांब भिंतीवर 15 फुटांची एकच चित्रपट्टी, वर पाच-सहा पिवळट स्पॉट डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करता येतो. ज्या प्रसंगाचं कथन चालू, तेवढाच पेटवायचा. खाली जाजम अंथरा. उभ्या माणसाचा जीव दाराकडं असतो. कुणी जुनी अस्सल चित्रं दिली तर स्पॉटखाली लावू नका. कागदावरच्या रंगांना 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड बरा नव्हे, तिथं प्रती चालतील. एका कोपऱ्यात पांढरा पडदा बांधून मागून दिवा, चामड्याच्या बाहुल्यांसाठी. चामडं पातळ असतं, त्यामुळे सावलीही रंगीत पडते. पोरं तिथनं हलणार नाहीत.

चिकोडीची सून:
सगळं राजस्थानचंच का? श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं की! गोकाककडच्या कुलगोडच्या तम्मण्णांनी वाढवलं, कौजलगी निंगम्मांनी गाजवलं. सत्यभामेचा रुसवा कुणालाही कळतो, भाषा येवो न येवो. आणि एक तास का होईना, गोंधळी बोलवाच. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा सांगतो, साथीदार मधेच अडवून प्रश्न टाकतो, त्यानं ऐकणारा पेंगत नाही. रेकॉर्डिंग करणार असाल तरी दोन आवाज ठेवा. मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या, नारळ-शालीवर भागवू नका.

मंडपवाला, खानापूर:
दिव्याचं एकदम पटलं. लग्नाच्या स्टेजचे डिमर पडूनच आहेत. एक खेळ किती मिनिटांचा धरू?

लाइटवाला, शहापूर (बेळगाव):
सात-आठ. मधे दोन मिनिटं सगळे दिवे लावा, नाहीतर बाहेर पडताना जाजमात पाय अडकून कुणीतरी आपटेल. आणि काळं कापड आग न धरणारं घ्या.