जिमनंतर पेनकिलर: स्नायू कमकुवत होतात का?

बारक्या:
लेग डेच्या, म्हणजे पायांच्या व्यायामाच्या, दुसऱ्या दिवशी पोरं जिना उतरताना कठडा धरतात आणि वर कॉम्बिफ्लॅम टाकतात. बंद करा हे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने १८ ते ३५ वयाच्या लोकांकडून ८ आठवडे मांड्यांचा व्यायाम करून घेतला. एका गटाला रोज १२०० मिग्रॅ आयबुप्रोफेन हे पेनकिलर, दुसऱ्याला तुलनेसाठी अ‍ॅस्पिरिनचा अगदी छोटा डोस, ७५ मिग्रॅ. २०१७ मधला निकाल: अ‍ॅस्पिरिनवाल्यांचा स्नायू ७.५ टक्के वाढला, आयबुप्रोफेनवाल्यांचा ३.७. घाम तेवढाच, फळ निम्मं. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ४०० मिग्रॅ आयबुप्रोफेन असतं. दिवसाला तीन झाल्या की तुम्ही त्याच डोसवर!

गोदाकाठ:
मग शीर्षकात 'कमकुवत' कुठून आणलंत? स्नायू वाढलेच की, कमी वाढले इतकंच. ताकदीतला फरक तर तेवढाही नव्हता. आणि अमेरिकेतला २०११ चा प्रयोग बरा विसरलात. साठीपुढच्या लोकांना १२ आठवडे व्यायाम, सोबत आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल. त्यांचे स्नायू औषध नसलेल्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त वाढले.
माझ्या आईचे गुडघे धरतात. गोळी घेतली तर फिजिओने दिलेले व्यायाम करते, नाही तर दिवसभर पलंगावर. सांगा, स्नायू कशाने जातील?

बारक्या:
शीर्षक ताणलं, मान्य. पण उतारवयात अंगात बारीक सूज कायमच धुमसत असते, गोळी ती दाबते म्हणून फायदा होत असावा. पंचविशीत तीच सूज कामाची. सूज आली की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनतं, ते स्नायूंच्या मूळपेशींना जागं करतं, आणि गोळी नेमकं तेच अडवते. काकूंना गोळी घेऊ द्या, मी बायसेप्सवाल्यांशी भांडतोय.

ऊसपट्टा:
तुमचं जिमचं चाललंय. आमच्याकडे ऊसतोडीला आलेली माणसं दिवसभर मोळ्या वाहून संध्याकाळी किराणा दुकानात येतात. दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून दोन-दोन गोळ्या देतो. अंगात पाणी नाही, पोटात अन्न नाही, त्यावर ही गोळी. मांडी किती टक्के वाढली ते राहू द्या, किडनीचं बोला.

गोदाकाठ:
हा मुद्दा बिनतोड. पण गोळी सोडा म्हणून कोण सोडणार? पहाटे कोयता तर धरायचाच आहे.

ऊसपट्टा:
सोडा म्हणतच नाही. जेवून घ्या, पाणी भरपूर प्या, एवढंच सांगतो. परवा एकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "टँकर कधी येणार, तेवढं सांगा."