मदत हवी आहे: १४ वर्षं पडून असलेला व्हॉल्व्ह अँप दुरुस्त करायचाय

मंडळी, आमचा रॉक बँड १४ वर्षांनी पुन्हा उभा राहतोय. पहिला कार्यक्रम सांगलीत, मग सातारा. अडचण गिटारच्या ५० वॅटच्या व्हॉल्व्ह अँपची (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँप्लिफायरची) आहे. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला, गिटारची केबल काढली, तरी घुमणारा आवाज येतच राहतो. म्हणजे दोष पिकअपचा (गिटारच्या तारांचा कंप टिपणारा भाग) नाही, केबलचाही नाही. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तो १०० हर्ट्झ दिसतो, म्हणजे घरच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट. ५० असता तर आधी अर्थिंग पाहिलं असतं. संशय फिल्टर कपॅसिटरवरच (अँपला मिळणाऱ्या विजेतला चढउतार सपाट करणारे भाग), कारण वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिले की ते आतून सुकतात. एकाचं डोकं फुगलंय, बुडाशी तपकिरी चिकट डाग आहे.

५० मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे चार नग हवेत. ४५० चे नकोत. व्हॉल्व्ह तापेपर्यंत व्होल्टेज बरंच वर चढतं. सांगली-मिरजेत कुठे मिळतील? आणि जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंवर हात बसलेला कारागीर कुणाला माहीत आहे का? साठलेला चार्ज रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करून मगच आत हात घालणारा हवा. बंद अँपसुद्धा जिवावर बेतू शकतो. तारा, फ्रेटच्या कामाला मिरज आहेच, तिथली काळजी नाही.