मदत हवी आहे: कुठला पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) कुठल्या प्रोजेक्टवर, कसं ठरवायचं?
नमस्कार मंडळी, आमच्याकडे पाच बांधकाम प्रोजेक्ट आणि पाच पीएम आहेत, आणि कोणाला कुठे टाकायचं हे साहेबांच्या मर्जीवर न ठरता आकड्यांवर ठरावं असं मला मनापासून वाटतं. निकषांची वजनं साटींच्या एएचपीने (निकषांची दोन-दोनने तुलना करून वजनं काढायची पद्धत) काढतोय, १ ते ९ चं स्केल, पण 'अनुभव' विरुद्ध 'क्लायंट सांभाळणं' इथेच गाडी अडते आणि कन्सिस्टन्सी रेशो (तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) ०.१ च्या मर्यादेच्या वर जातो, अशा वेळी कुठली तुलना बदलायची? पुढे टॉपसिस (आदर्श पर्यायाच्या कोण किती जवळ यावर क्रम लावणारी पद्धत) प्रत्येक प्रोजेक्टसाठी लावलं तर एकच माणूस तीन ठिकाणी पहिला, म्हणून वाटप हंगेरियन मेथडने (एका कामाला एकच माणूस देऊन एकूण स्कोअर सर्वात चांगला ठेवणारी पद्धत) करावं म्हणतोय. पण नॉर्मलायझेशन (आकडे एका मापात आणणं) प्रत्येक प्रोजेक्टच्या टेबलात वेगळं होतं ना, मग वेगवेगळ्या प्रोजेक्टचे स्कोअर एकाच मॅट्रिक्समधे टाकलेले चालतात का? कोणी एक्सेलमधे केलं असेल तर प्लीज सांगा.